पापड वाळेपर्यंत

…अहो, हात लावू नका खुर्चीला! सांगून ठेवतो, उचलायचं नाही, ढकलायचं नाही, 'साहेब, चौघं धरतो की' असं तर मुळीच म्हणायचं नाही! माइक इथं खाली द्या. वायर पुरत नाही? मग स्पीकर ओढा दारापर्यंत. मी बोलणार तो इथूनच, रॅम्पच्या पायथ्याशी, या उन्हात, प्लास्टरचा पाय असा तोफेसारखा पुढं काढून. आणि बोलणार म्हणजे काय, वेळ काढायचाय हो! कशासाठी ते कळेलच. तुम्ही त्या पायऱ्यांवर टेका, तिथं सावली आहे.

तर बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, मी गोपाळकृष्ण लेले, पेणचा आर्किटेक्ट. हे मागं उभं आहे ते सभागृह माझं. म्हणजे मंडळाचं, पण नकाशा माझा. अंगणात, रॅम्पच्या पायथ्यासमोर, माझ्या नावाची कोनशिला होती. होती म्हणतोय. तिनंच तर पाय खाल्ला माझा, पण ते पुढं येईल.

सभागृह बांधून झालं, उद्घाटनाचा मांडव पडला, आणि कोणीतरी म्हणालं, 'लेले, कायद्यानं अपंगांसाठी रॅम्प लागतो म्हणे.' लागतो तर लागतो! दारापासून गटारापर्यंत जी काय जागा उरली होती तिच्यात मारली एक तिरकी रेघ. गवंडी म्हणाला, 'सायेब, हे लय उभं होतंय.' मी म्हटलं, 'रॅम्प आहे ना? झालं तर मग!'

आणि तुम्हाला सांगतो, त्या रॅम्पवर पहिला हक्क कोणी सांगितला? ठमाबाईनं! त्या बघा, लाटणं घेऊन बसल्यायत त्या. इथल्या पापडवाल्या बायकांच्या बचत गटाच्या म्होरक्या. आल्या, उताराला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, 'लेले सायेब, ऱ्हाव दे असाच उभा. ऊन सरळ लागतंय, पाणी बी नाय साचायचं.' म्हटलं, वा! एका दगडात दोन पक्षी! तेव्हापासून पेणचे पोह्याचे पापड मुंबईला जातात ते माझ्या रॅम्पवरून जातात, हे कोणी बोलत नाही! माणूस मात्र त्यावरून एक चढलेला पाहिला नाही मी. ठमाबाईंचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेत. बाई 'आई गं, बाबा गं' करत पायऱ्या चढते, पण पापडावर पाय देत नाही.

असं सगळं सुखात चाललेलं. पण सरकारला सुख बघवतं का? कायदा सोळा साली बदलला, नियम एकवीस साली बदलले, आणि आम्ही आर्किटेक्ट मंडळी नियम वाचतो ते नकाशा परत आला की मगच. म्हणून आमच्या संघटनेनं ठरवलं, पेण-रोह्याचे सगळे आर्किटेक्ट एकत्र बसवायचे आणि शिकवायचं. कुठं? तर माझ्याच सभागृहात! मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात. शिकवायला कोण? लतिका धारप. रोह्याच्या, स्वतः आर्किटेक्ट, लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत, आणि जिभेला हाड नाही.

खरी गोम अशी की रोह्यात एका देणगीदाराला नाट्यगृह बांधायचंय. काम मिळणार दोघांतल्या एकाला, मला किंवा रोह्याच्या गुप्त्यांना. आणि कोणाला ते ठरवायचं देणगीदारानं सोपवलंय लतिकाबाईंवर. ते काम मला हवं होतं हो! जन्मभर बंगले काढले, संडास-बाथरूम काढली, पत्र्याच्या शेडी काढल्या. एकदा, मरायच्या आधी एकदा, नाट्यगृह काढायचं होतं. गुप्त्यांनाही तेच! म्हणून आम्ही दोघं शेजारी शेजारी असे गोड हसत बसलो होतो, की बघणाऱ्याला वाटावं व्याही आहेत.

लतिकाबाई आल्या, पायथ्याशी थांबल्या, रॅम्पकडे बघितलं, रॅम्पवरच्या पापडांकडे बघितलं. म्हणाल्या, 'लेले, हा रॅम्प आहे की घसरगुंडी?' मी म्हटलं, 'मॅडम, रॅम्प आहे ना? झालं तर…' आणि जीभ चावली. मग आम्ही चौघा आर्किटेक्टांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून वर नेलं. मला वाटलं, केवढं पुण्य केलं! वर गेल्यावर त्या पदर सारखा करत म्हणाल्या, 'लेले, हमरापूरच्या कारखान्यातून गणपती निघतो ना, तोही असाच चौघांनी उचललेला. पण त्याला वर्षातून एकदा उचलतात. मला रोज.' सगळे हसले. मीही हसलो. काय कळलं होतं मला? कप्पाळ!

मग वर्ग सुरू. 'एकास बारा! एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. कठडा दोन उंचींचा. अंधाच्या काठीला कळेल अशी खडबडीत लादी.' दर वाक्याला गुप्त्यांचा हात वर, आणि ते नाकातलं बोलणं, 'बाँई, आँम्ही रोह्यात हें केव्हाचं करतो!' मी म्हटलं, 'गुप्ते, तुमच्या ऑफिसच्या जिन्यावरून मांजर पडून मेलं होतं!' ते म्हणाले, 'तें मांजर पेणचं होतं!' इथंच ठिणगी पडली बघा.

तेवढ्यात लतिकाबाई म्हणाल्या, 'तोंडं बंद. आता करून बघायचं. लेले, तुमचाच रॅम्प, मी जादा आणलेल्या या चाकाच्या खुर्चीत तुम्ही बसा. गुप्ते, तुम्ही डोळे बांधा, ही पांढरी काठी घ्या. दोघांनी आपापलं वर यायचं. कोणी कोणाला हात लावायचा नाही.' ठमाबाईंची परवानगी काढली. त्यांनी अर्ध्या रॅम्पवरचे वाळलेले पापड उचलले आणि बजावलं, 'अर्धा तुमचा, अर्धा आमचा. पापडाला चाक लागलं तर माज्याशी गाठ हाय.'

बसलो मी. रॅम्प माझा, गाव माझं, चाकं दिली दणकून! पहिल्या हाताला गेलो वर. दुसऱ्या हाताला गेलो वर. तिसऱ्या हाताला खुर्ची म्हणाली, बास. निम्म्यावर लटकलो! हात सोडावा तर मागं जातोय, पुढं तर जाववत नाही, दंड लटलट कापतायत, घाम डोळ्यांत. आणि मागून कोण? गुप्ते! काठी टेकत यायचं सोडून हा बाबा ती गरागरा फिरवतोय! पहिला फटका चाकाला. दुसरा माझ्या कानाखाली. मी ओरडलो, 'गुप्ते, मी आहे!' 'कोंण मी?' फाट! तुम्हाला सांगतो, पट्टी होती, पण नाकापाशी तिला फट होती, आणि त्या फटीतून त्यांना मी पुरेपूर दिसत होतो, हे मी कोर्टात सांगेन! मग मीही हात मागं टाकला आणि सापडलं ते धरलं. सापडला टाय. पेणच्या उन्हाळ्यात टाय कोण घालतं? गुप्ते घालतात! ओढला! आता टाय ओढायला एक हात सोडला, म्हणजे एक चाक सुटलं, म्हणजे खुर्चीनं घेतली गिरकी, म्हणजे गुप्ते पाठीवरून कोलांटी मारून माझ्या मांडीत, नाकाला नाक, आणि त्या अवस्थेत आम्ही दोघं थेट पापडांत! कर्र नाही वाजलं हो, ओले होते. पच्च झालं, पच्च!

'मेल्यांनो! सकाळधरनं लाटतोय आमी!' ठमाबाईंनी पदर खोचला. त्यांच्यामागून हौसा, हौसाच्या मागून सगळा गट, आणि हातात लाटणी. पोळीची नाजूक लाटणी नव्हेत, पापडाची! पहिलं बसलं गुप्त्यांच्या मनगटावर, तिथंच ते मोडलं. लाटणं नव्हे, मनगट! दुसरं माझ्या पाठीत. वरून रोहेकर धावले गुप्त्यांना सोडवायला, पेणकर धावले मला सोडवायला, आणि सोडवायला आलेल्यांनी धरल्या एकमेकांच्या कॉलरी. नकाशांच्या गुंडाळ्या टाळक्यात बसतायत, चष्मे उडतायत, एक रोहेकर आमच्या पेणकराचा कान चावतोय, पेणकर त्याच्या तोंडात ओला पापड कोंबतोय! आणि लतिकाबाई दारातून ओरडतायत, 'लेले, कठडा धरा! कठडा धरा!' कठडा कुठून धरू? कठडाच नव्हता! नकाशात कोणी काढला नव्हता? मी!

खुर्ची आम्हा दोघांसकट त्या सगळ्या लढाईतून सुटली ती पिठावरून घसरत सुसाट खाली आली, गुप्ते वाटेत सांडले, आणि मी पाय पुढं काढलेला असा कोनशिलेवर. धाड! दोन आवाज झाले. एक शिळेचा, एक नडगीचा. शिळेवर 'वास्तुविशारद' एवढंच राहिलं. 'लेले' माझ्या मांडीत येऊन पडलं.

आता खरं सांगतो, दुखलं ते तिथं नाही. दवाखान्यात नेलं, तर एक्स-रे वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. चौघांनी उचललं मला. एकाच्या हातात बगल, एकाच्या हातात पँट, शर्ट वर गेलेला, पोट उघडं, जिन्यातली माणसं भिंतीला चिकटून बघतायत, आणि एकजण म्हणतो, 'सांभाळून रे, मूर्ती जड हाय.' लाज वाटली हो. रडायला आलं मला. मोडलेल्या पायानं आलं नव्हतं, त्या वाक्यानं आलं. लतिकाबाई काय म्हणाल्या होत्या ते त्या जिन्यात कळलं. बाई हे रोज सोसते. रोज!

संध्याकाळी त्यांचा फोन. 'लेले, बघायला आलेय, दवाखान्याच्या खाली आहे. वर येता येत नाही.' मी म्हटलं, 'मला खाली येता येत नाही.' मग म्हणाल्या, 'सभागृहाचा रॅम्प नवा करा. आणि प्लास्टर निघायच्या आत स्वतः, एकट्यानं, खुर्चीतून चढून दाखवा. चढलात तर नाट्यगृह तुमचं. नाही तर गुप्त्यांचं.'

केला! गटार वळवलं, दोन वळणं घेतली, एकास बारा, रुंद, दोन उंचींचा कठडा, खडबडीत लादी, सगळं! झोपून नकाशा काढला, खुर्चीत बसून गवंड्यावर ओरडलो. गवंडी म्हणाला, 'सायेब, मागचाच बरा व्हता, रॅम्प व्हता ना?' त्याला मी वीट फेकून मारली. लागली नाही.

आणि आज परीक्षा, उद्या प्लास्टर निघतंय. आज सकाळी लतिकाबाई आल्या आणि चढल्या. एकट्या. कोणाचा हात नाही, कोणाचा खांदा नाही. वर पोचल्या, वळल्या, आणि नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिथल्या तिथं मागोमाग चढायला हवं होतं मी! पण बायको म्हणाली, 'अहो, चारचौघांसमोर चढायचंय, बरा शर्ट घाला.' घरी गेलो, शर्ट घातला, परत आलो…

बघा. तुम्हीच बघा. खालपासून वरपर्यंत, दोन्ही वळणं धरून, पाऊल ठेवायला जागा आहे? पापड! लांबी दुप्पट, म्हणजे पापड दुप्पट! पलीकडच्या आळीचा गटही येऊन बसलाय! कठड्यावर लुगडी! ठमाबाई मला बघून हात जोडतायत, 'सायेब, देव तुमचं भलं करो! लांब झाला, रुंद झाला, उतार असा मऊ, पापड जराबी सरकत नाय!'

उचला म्हणावं? ओला पापड उचलला की फाटतो, आणि त्यांच्या हातात तेच लाटणं आहे. तिकडं गुप्ते गळ्यात हात बांधून पायरीवर बसलेत, ओरडतायत, 'वेंळ संपली, वेंळ संपली!' लतिकाबाई दारातून म्हणतायत, 'संपली कशी? मला तरी खाली कुठं येता येतंय? परीक्षा चालू आहे.' आत अडकल्या त्या, बाहेर अडकलो मी, मध्ये माझं नाट्यगृह वाळत पडलंय.

ठमाबाई, अहो ठमाबाई! बघा की हात लावून… काय? अजून वलं हाय? अहो, पण मी वर जाऊ कसा? काय म्हणता? मोठ्यानं बोला, माइक आहे इथं, ऐकू दे सगळ्यांना…

'आता काय सांगायचं ह्या मानसाला! सायेब, रॅम्प हाय ना? झालं तर मग!'