धुतलेला स्वेटर

भेटीची वेळ झाली, तशा समुपदेशक बाई दोघींना आत बोलवायला उठल्या आणि अर्धवट उघड्या दाराशीच थबकल्या. बाहेरच्या बाकावर मुलीची आई बसली होती. शेजारी, न्यायालयाने जिच्याकडे मुलगी तात्पुरती सांभाळायला दिली होती, ती बाई होती. मुलगी पलीकडच्या खोलीत खेळत होती.

“वेणी फार घट्ट घालता हो तुम्ही.”

“सैल घातली की सुटते.”

“माझ्या हातची नाही सुटायची.”

“मग आज तुम्हीच घाला, ताई.”

“उपकार झाले! पोर माझी आणि परवानगी तुमची. मला बघितलं आणि ‘मावशी, मावशी’ करत तुमच्याच मागे लपली.”

“आणि झोपताना तुमचा स्वेटर छातीशी घ्यायची, ते मी कुणाला सांगू? मी गोष्टी सांगायच्या, पाठ थोपटायची, आणि हिचं तोंड त्या स्वेटरात!”

“घ्यायची म्हणजे? आता घेत नाही?”

“मी धुतला तो.”

“धुतला? धुऊ नका म्हणून बाईंनी बजावलं होतं ना?”

“होतं. मुद्दामच धुतला. म्हटलं, तुमचा वास गेला की येईल माझ्या कुशीत.”

“आली?”

“नाही. स्वेटर हुंगला, बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. अजून तशीच झोपते.”

समुपदेशक बाईंचा हात कडीवरच राहिला.

“हा घ्या, अंगातला. सकाळपासून घातलाय.”

“अहो ताई, बाहेर केवढा गारठा आहे.”

“असू दे. आणि कधी आलीच तुमच्या कुशीत, तर तेवढं मला सांगू नका.”