तिसऱ्या गाण्यातली घसरण

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे, तू वायरी गुंडाळायला आलास का?" अहो, गळ्यात हे एवढं धूड लटकलंय ते दिसत नाही का तुम्हाला? वायरी गुंडाळायला माणूस गळ्यात गिटार अडकवून येतो होय? बरं, गिटार म्हणावं तर तेही नाही. "चारच तारा? उरलेल्या दोन तुटल्या का रे?" नाही तुटल्या हो, चारच असतात, बेस आहे हा, बेस! "असं होय," म्हणायचं आणि पाठ फिरवून गाणाऱ्याच्या गळ्यात पडायचं. तुम्हाला सांगतो, लग्नात एवढा अपमान दोघांचाच होतो, एक नवऱ्या मुलाचा आणि दुसरा बेस वाजवणाऱ्याचा, आणि नवऱ्या मुलाला निदान बसायला खुर्ची मिळते.

आता मी काही वाजवणारा नाही हं, हे आधीच सांगून टाकतो. मी पॉलिशवाला. अख्ख्या इजिप्तच्या नवऱ्या मुलींचे पलंग आमच्या दुमियातमध्ये बनतात, आणि आमच्या गल्लीतून गेलेल्या निम्म्या पलंगांवर मी पॉलिशपेपर घासलेला आहे. शाळा? मी कुठे सोडली शाळा, शाळेनेच मला चौथीत सोडलं. वाजवणारा होता आमचा दादा. रिफअत. दिवसभर लाकडावर वेलबुट्टी कोरायची आणि गुरुवार आला की अंगावरचा भुसा झटकून बेस घेऊन निघायचं, कुणाचं लग्न, कुणाचा साखरपुडा, उन्हाळ्यात समुद्रावरच्या कॉफीच्या दुकानात. अकरा वर्षं! आणि अकरा वर्षं बँडचा मालक त्याला एकच वाक्य ऐकवत आला. मालक म्हणजे उस्ताद फतूह. स्वतः ऑर्गन वाजवतो, आणि वाजवत नसला की भोपळ्याच्या बिया फोडतो. दादाने म्हणावं, उस्ताद, माझा आवाज जरा वाढवा की, आणि याने टरफल थुंकून म्हणावं, "अरे रिफअत, सोड रे... बेस ऐकतंय कोण?"

हो, खरंच की, ऐकतंय कोण! लोक गाणारा ऐकतात, तबला ऐकतात, नवरीच्या मामाच्या शिट्ट्यासुद्धा ऐकतात.

आणि मग दादा गेला. गेला म्हणजे... गेला. कारखान्यात, बसल्या जागी, हातात पटाशी, वय चौतीस. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं. असं कसं थांबतं हो? अकरा वर्षं ज्याने अख्ख्या बँडचा ठेका धरून ठेवला, त्याला स्वतःचा एक ठेका धरता येऊ नये? मी डॉक्टरला तसं म्हणालोसुद्धा. म्हणजे ओरडलो. म्हणजे त्याची कॉलर धरली. जाऊ दे.

सांगत काय होतो? हां, तर दादा गेल्यावर मला वाटलं, त्याचा वाजवतानाचा एखादा व्हिडिओ बघावा. लग्नाचे व्हिडिओ काय कमी आहेत? घरोघर फिरलो, प्रत्येकाला म्हणालो, बाबा, तुझ्या लग्नाचा व्हिडिओ दाखव. बघतो तर काय! गाणारा आहे, गाणाऱ्याचा घाम आहे, नवरीच्या आत्याने कमरेला ओढणी बांधून घातलेला धिंगाणा आहे, केक आहे, केक चार-चार बाजूंनी आहे... आणि दादा? एका व्हिडिओत त्याचं कोपर आहे. साधारण दोन सेकंद. मग मध्ये केक येतो. तुम्हाला सांगतो, सव्वीस लग्नं बघितली मी, आणि माझ्या भावाची आठवण म्हणून माझ्याकडे आज एक कोपर आहे!

बरं, माणसाला नीट रडू तरी द्यावं? मातमाचा मांडव पडलाय, बिनसाखरेची कॉफी फिरतेय, मौलवी कुराण पढतायत, मी दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घेतोय, आणि हा उस्ताद फतूह येतो, मला मिठी मारतो, हुंदका देतो, खरा हुंदका हं, खोटं का बोलू, आणि कानात म्हणतो, "झकी, पोरा, धीर धर... बेस घरीच आहे ना?" मी म्हटलं, आहे. "बरं बरं. पुढच्या महिन्यात नऊ तारखेला शिनावींच्या मुलीचं लग्न आहे, रिफअतने शब्द दिला होता." म्हटलं, मग? "मग काही नाही. तुझ्या हाताला बोटं आहेत ना?" बोटं! मी तिथेच त्याला ती बोटं मोजून दाखवणार होतो, पण मागे रांग होती.

आता हे हाजी शिनावी म्हणजे कोण, तर आमच्या समोरचे. त्यांचा दरवाजा आणि आमचा दरवाजा, मध्ये एक हातगाडी जाईल एवढी गल्ली. दादाला जाऊन चाळीस दिवस झालेले नाहीत आणि यांच्या दारात लग्न, तर रिवाजाप्रमाणे हाजी आणि त्यांची बायको आईची परवानगी मागायला आले. आई काळ्या कपड्यांत कोचावर बसलेली. टीव्ही झाकलेला, रेडिओ कपाटात. हाजी घसा खाकरून म्हणतात, "रिफअतची आई, तू म्हणशील तसं. ढोल नको, गाणं नको. मुलीला गाडीत बसवतो आणि गुपचूप पाठवून देतो." त्यांची बायको लगेच डोळ्याला पदर लावून, "गुपचूपच पाठवू हो... एकुलती एक असली म्हणून काय झालं... आणि एवढा मांडव सांगितलेला असला म्हणून तरी काय झालं..."

हो, आजही सगळी गल्ली तिला रिफअतची आईच म्हणते. मीसुद्धा तिच्याच पोटचा आहे, पण झकीची आई म्हणायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

आई म्हणते, "वाजवा. माझ्या पोराने शब्द दिला होता." हाजींनी मान देऊन तिच्या डोक्यावर ओठ टेकले, दुवा दिली, उठले, दारापर्यंत गेले. आणि आई मागून विचारते, "पण बेस कोण वाजवणार?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. सतरंजी एवढी बघण्यासारखी आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि माझं तोंड... तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडाचा आणि माझ्या डोक्याचा लहानपणापासून काही संबंधच नाही, तोंड आपलं आपण बोलून मोकळं. "मी!" मी म्हणालो. मी! ज्याला दारावरची बेलसुद्धा तालात वाजवता येत नाही तो मी! आणि आई माझ्याकडे बघतेय. तेवीस दिवसांत पहिल्यांदा कुणाकडे तरी नीट बघतेय. मग आता काय सांगणार, की आई, चुकून निघालं तोंडातून?

नऊ दिवस होते हातात. फतूहने काय शिकवावं? एक कागद दिला, त्यावर सगळ्या गाण्यांचे सूर लिहिलेले. "हे बघून वाजव." मला! म्हटलं, उस्ताद, मला दुकानाची पाटी वाचायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात तुमचं गाणं संपून नवरी सासरी पोचेल. तर टरफल थुंकून म्हणतो, "मग नुसता उभा राहा, हात हलव. बेस ऐकतंय कोण?"

नुसता उभा राहा! दादाच्या जागी! पेटलो मी. बेस घेऊन सरळ कारखान्यात गेलो, अर्ध्या झालेल्या खुर्च्यांमध्ये बसलो आणि पहिल्यांदा ते वाद्य उजेडात धरलं. आणि हसूच आलं हो मला. कागद वाचता येत नाही, पण पॉलिश? पॉलिश तर मी झोपेत वाचतो! बेसच्या मानेवर पिवळं पॉलिश, आणि दादाचं बोट जिथे जिथे टेकायचं तिथे तिथे ते उडून लाकूड उघडं पडलेलं. जिथे जास्त वाजवलंय तिथे मोठा डाग, जिथे कमी तिथे नुसती नखाएवढी चमक गेलेली. अकरा वर्षांची सगळी गाणी लिहून ठेवलेली, माझ्या भाषेत! फोनवर गाणं लावायचं, एका डागावर बोट ठेवायचं, जुळलं तर ठीक, नाहीतर शेजारचा डाग. एके ठिकाणी तर गंमतच, डागाला शेपूट. म्हणजे बोट खाली घसरलंय आणि घाईने परत वर आलंय. लाकूड खोटं बोलत नाही. मी म्हटलं, वा दादा, काय नक्षी आहे! तीसुद्धा तशीच घोटून घेतली.

आणि तो पट्टा. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याच्या मापाचा पट्टा गळ्यात घातला की बेस माझ्या गुडघ्यांवर. तबलेवाला म्हणतो, "अरे, बकल ओढ की वर." नाही ओढणार! ते बकल त्याने लावलंय, त्याच भोकात राहणार, मी वाकून वाजवीन. वाजवलंच वाकून. लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, याचं काहीतरी पडलंय आणि हा शोधतोय.

लग्नाचा दिवस. उन्हं उतरली, गल्लीत दिव्यांच्या माळा, मंच आमच्या घरापासून चाळीस पावलांवर. आमची खिडकी बंद. मातमातलं घर, आई कशी येणार? तशीही तिचे गुडघे गेल्यापासून ती कुठल्याच लग्नाला जात नाही. मी मंचावर चढतो न चढतो तोच वरच्या गच्चीतून दोन बायका. एक म्हणते, "अगं बाई, भावाचे चाळीस दिवस झाले नाहीत आणि हा बघ!" दुसरी म्हणते, "काळीज म्हणून नाही हल्लीच्या पोरांना." आणि तेवढ्यात नवरी आली, तर त्याच दोघी, त्याच तोंडाने, लगेच ललकाऱ्या द्यायला मोकळ्या! म्हणजे वाजवणाऱ्याला काळीज नाही आणि नाचणाऱ्यांना आहे, असा हिशेब.

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. माझी बोटं डागाडागावर, घाम नाकाच्या टोकावर, आणि समोर तीनशे माणसं. त्यातल्या एकानेही माझ्याकडे बघितलं असेल तर शपथ. एकाने बघितलं, तो म्हणाला, "बाजूला सर, केक न्यायचाय." तिसरं गाणं, नवरीचा बाप नाचतो ते. हाजी शिनावी काठी घेऊन उतरले, गाण्याचं वळण आलं, सगळा बँड वर गेला, आणि मी दादाची नक्षी काढली. खाली घसरलो आणि घाईने परत वर आलो. फतूहने ऑर्गनवरून असं काही बघितलं माझ्याकडे, बी तोंडातच राहिली. गाणं संपल्यावर म्हणतो, "गाढवा! अख्खा बँड वर जातोय आणि तू तळघरात कशाला उतरलास?" म्हटलं, ती नक्षी आहे. "नक्षी? ती चूक आहे, चूक!"

दादाच्या जागी उभा राहिलो आणि चुकलो. पण हाजी नाचतायत, लोक टाळ्या वाजवतायत, कुणाला पत्ता नाही. मीच मनाला म्हटलं, झकी, सोड रे, बेस ऐकतंय कोण?

सकाळी आईने समोर घेवड्याची उसळ ठेवली, कांदा ठेवला, भाकरी ठेवली. आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "तिसऱ्या गाण्यात घसरलास."

म्हटलं, तुला कुणी सांगितलं? फतूह आला होता? "फतूह कशाला सांगायला हवा? तुम्ही तिकडे मंचासमोर बसून भोंगे ऐकता. भिंतीतून इकडे काय येतं? गाणारा येत नाही, फतूहचं ते पिपाणं येत नाही. फक्त बेस येतो. या फडताळातल्या बशा वाजतात त्याने. अकरा वर्षं बशांवरून ऐकतेय मी." आणि मला एकदम आठवलं हो, दादा गल्लीतल्या लग्नावरून आला की ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत भांडायची, हसायची. मला वाटायचं जेवणावरून. "दर वेळी सांगायचे त्याला, तिसऱ्यात घसरतोस, वर जा. तो म्हणायचा, पुढच्या वेळी, आई. त्याच जागी घसरायचा मेला. आणि काल..." मग ती फडताळाकडेच बघत राहिली. "तेहतीस दिवस बशा गप्प होत्या रे माझ्या. काल पहिली दोन गाणी मी म्हटलं, झकी वाजवतोय. तिसऱ्याला मी उठून दार उघडायला गेले."

मी आपला भाकरी मोडत बसलो. मग माझं ते तोंड, तुम्हाला माहीतच आहे, म्हणालं, "सुधारतो मी. पुढच्या वेळी नीट वर जातो, आई."

तर अशी गरकन वळली! हातात पळी. "हात लावून तर बघ त्या चुकीला! तंगडं मोडीन."

तेव्हापासून माझी ही गत आहे. सगळे वाजवणारे चुका काढून टाकायला रियाज करतात, मी रोज संध्याकाळी कारखान्यात बसून एका चुकीचा रियाज करतो. आणि सोपी नाही हो ती! गल्लीतल्या लग्नात लवकर घसरलं तर आई म्हणते, "हे झकीचं झालं." उशिरा परत आलं तर म्हणते, "तो एवढा आळशी नव्हता." अगदी जागच्या जागी चुकावं लागतं. आणि गुरुवार आला की मंचावर तो फतूह, तोंडात बिया, डोळे वटारून, "अरे झकी, किती वेळा सांगू, तिसऱ्यात वर जा, वर!"

मी आपला गुडघ्यावरच्या बेसवर वाकतो आणि म्हणतो, "उस्ताद, सोडा हो... बेस ऐकतंय कोण?"