सशावर इंजिन, कासवावर चाकं

—बंद करा! आधी बंद करा म्हणते ते! हां. आता उतरा खाली. अहो, वाकून हात कुठे घालताय, पात्यांत? आधी किल्ली काढा. काढा, आणि माझ्याकडे द्या. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण ग्रहांना बोटं लागत नाहीत, तुम्हाला लागतात— सोमवारी ऑफिसात बडवायचंय ना काहीतरी? आणि सीटवरची उशी कुठे गेली? फेकलीत? ओल्या गवतात? उचला. झटका. कसली उशी म्हणजे काय, उशी आहे, सोफ्यावरची, असते तिथे. काय झालं म्हणून वर मलाच विचारताय! कसा घरघरत होता बिचारा हा गवत कापायचा ट्रॅक्टर, ऐकू नाही आलं? घशात घास अडकलेल्या माणसासारखा. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा थांबून बघत होतं. आणि तुम्ही आपले स्टिअरिंग धरून मान ताठ, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे.

इकडे या. हे चित्र दिसतंय? ह्या खटक्याच्या वरच्या टोकाला ससा काढलाय, खालच्या टोकाला कासव. तुम्ही खटका कुठे ठेवला होतात? कासवावर. का ठेवलात? "गवत दाट आहे, इंजिनाला त्रास नको." वा! काय पण कळवळा! अहो, कासवावर इंजिनात जोरच नसतो. जोर नाही म्हणजे पाती कापत नाहीत, नुसतं चघळतात, आणि ते चघळलेलं गवत ह्या खालच्या पत्र्याच्या डब्यात चिकटतं, आणि डबा भरला की इंजिनाचा जीव जातो. दया करायची ती अशी नाही करायची. खटका सशावर— पूर्ण, टोकापर्यंत— आणि सावकाश जायचं ते चाकांनी. गिअर पहिला. सशावर इंजिन, कासवावर चाकं. माझं नाही हे वाक्य, तुमच्या सासऱ्यांचं आहे. दारात येईल त्या प्रत्येक पुरुषाला ऐकवायचे— पोस्टमन, गॅसवाला, विम्याचा एजंट. तुम्हालाही ऐकवलंय, साखरपुड्याच्या आधीच. तुम्ही मान डोलावत होतात, मी बघितलंय. मला नाही सांगितलं कधी, मला कशाला सांगतील? मी आपली चहाचा ट्रे घेऊन मागे उभी.

आणि घाई किती! उन्हं नीट वर आली नाहीत तोवर सुरू केलंत, गवत अजून ओलंचिंब, का तर दुपारी परत निघायचंय. पात्यांचा डबा उतरवलात पार जमिनीला. गुडघाभर गवत, आणि ह्यांना एका फेरीत गालिचा हवा! पहिल्या फेरीला डबा सगळ्यात वर— नुसते शेंडे उडवायचे. ते जरा सुकू द्यायचे, मग दुसऱ्या फेरीला खाली. पट्टाही अर्ध्या डब्याएवढाच घ्यायचा, जिथे गवत दाट आहे तिथे आणखी कमी. आणि हे बघा, कापलेलं गवत बाहेर पडतं ते उजवीकडून. मग कापलेली बाजू कुठे हवी? उजव्या हाताला. तुम्ही उलटे फिरत होतात, म्हणजे कापलेलं सगळं पुढच्या उभ्या गवतावर, तेच पुन्हा कापायचं. उष्टं ताट परत वाढतात का कोणी? मोबाईलवर व्हिडिओ बघितला म्हणे! व्हिडिओतलं गवत व्हिडिओतच कापलं जातं, जावईबापू.

काय? मागच्या अंगणातलं कोणी कापलं? ते ना... येतो एक माणूस. कुठला म्हणजे? माणूस. माळी असेल, मी काय त्याची जन्मकुंडली मांडून बसू? नंबर नाही माझ्याकडे. हो, छान कापलंय, मला दिसतं. छानच कापलंय. कडेच्या झाडाभोवती बघितलंत? एक काडी उभी नाही, आणि खोडाला ओरखडासुद्धा नाही. तसं वळवायला हात लागतो. असो. त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय, तो फक्त मागचंच कापतो.

श्श्— ऐकलंत? ठक, ठक, ठक. तुमचे सासरे आतून पलंगाची दांडी बडवतायत. अर्धांग झाल्यापासून तो एक हात तेवढा चालतो, आणि तो चालतो तो फक्त चुका काढायला. खिडकीकडे बघू नका, त्यांना तुम्ही दिसत नाही. पलंगावरून नुसतं आकाश दिसतं आणि विजेची तार. पण कान! जीभ गेली, पाय गेले, कान मेले शाबूत आहेत. ह्याच ट्रॅक्टरवर बसलेले असताना झालं ना ते. मी स्वयंपाकघरात. ओरडले नाहीत, काही नाही— इंजिन एकदम गप्प झालं. सीटवरचा माणूस खाली गेला की आपोआप बंद पडतं ते, म्हणून कळलं मला. नाहीतर कळलंच नसतं. असो. डॉक्टर म्हणाले, त्यांना आवडेल असं काहीतरी कानावर पडू द्या. मी गाणी लावली. भजनं लावली. तुमच्या बायकोने तो समुद्राच्या लाटांचा आवाज पाठवला— लाटांचा! ज्या माणसाने आयुष्यात समुद्राकडे पाठ करून पेपर वाचला त्याला लाटा! त्यांना एकच आवाज कळतो. हा. तो सुरेल चालला तर ठीक, नाहीतर ठक, ठक, ठक.

बघा बघा, कसं कोंबलंय डब्यात. अं हं, हाताने नाही, तिथे लाकडी कालथा ठेवलाय त्याने खरवडा. इंजिनावरची ती जाळी पण पुसा, भुसा बसला की तापतं. आणि गवत दाट लागलं, आवाज खाली बसायला लागला, की घाबरून खटका ओढायचा नाही. ससा सोडायचाच नाही! नुसता क्लच दाबायचा. चाकं थांबतात, पाती फिरत राहतात, डब्यातलं झटकून टाकतात, आवाज परत चढतो— चढला की हळूच पाय उचलायचा. हे कानाने करायचं काम आहे, पायाने नाही. मला पण पहिल्या दिवशी कुठे जमत होतं, क्लचपर्यंत पायच पोचेना, शेवटी पाठीशी उशी घेतली तेव्हा—

काय? कुठे काय म्हणाले मी? उशी म्हणाले. पाठीला बरी पडते.

बरं, मीच. झालं समाधान? मीच कापते मागचं. दुपारी ते झोपले की सगळ्या खिडक्या लावून घेते, रेडिओ मोठा करते, आणि कापते. दात कशाला काढताय? लग्न झाल्यापासून ते आजारी पडेपर्यंत एकदाच बसले होते मी ह्या सीटवर, बंद असताना, धूळ पुसायला, तर म्हणाले, "उतर, खेळणं नाहीये ते." पाहुण्यांसमोर. तुम्हीही होतात त्यात, तुम्ही पण हसलात. हसलात हो, मला आठवतंय. "हिला रेडिओचं बटण फिरवता येत नाही," म्हणाले, आणि तुम्ही हसलात. बटण फिरवता येतं मला. त्यांचं प्रत्येक वाक्य पाठ आहे मला, ट्रे हातात घेऊन ऐकलेलं. त्यांच्या घशातूनच बोलतेय मी सकाळपासून, कळलं नाही तुम्हाला? ही जीभ माझी नाही. माझी अशी नव्हती.

आणि एक दिवस त्यांचं करायला येणाऱ्या नर्सबाईंनी एक खिडकी उघडी ठेवली. मला काय माहीत? मी आपली कापतेय, पहिला गिअर, अर्धा पट्टा, एकदासुद्धा आवाज खाली बसला नाही. हातपाय धुऊन आत आले तर त्यांचा चेहरा असा उजळलेला— इतक्या महिन्यांत नाही बघितला तसा. हात दांडीवर नाही, छातीवर. तोंड हलवायला लागले. मी वाकले. मला वाटलं... जाऊ दे काय वाटलं. इतक्या महिन्यांनंतरचा पहिला शब्द, अर्धा लाळेतून, अर्धा कष्टाने— माहितीये काय म्हणाले? "जा... वई." जावई! तुम्ही! त्यांना वाटलं, जावईबापूंनी कापलं. आणि मी काय म्हटलं असेन? "हो," म्हटलं, "जावईच. बघा किती छान शिकलेत." पदराने त्यांची लाळ पुसली आणि हो म्हटलं. तेव्हापासून रोज खिडकीकडे बोट करतात आणि तुमचं नाव काढतात. म्हणून तुम्हाला बोलावलं. नाहीतर तुमच्यावाचून माझं गवत अडलं होतं होय? आयतं मिळालेलं नाव, फक्त टिकवायचं होतं तुम्ही, तेही अर्ध्या तासात धुळीला मिळवलंत. ठक, ठक, ठक. आज त्यांना काय वाटत असेल? की त्या दिवशी चुकून जमलं असेल. असंच वाटत असेल.

नको, फोन ठेवा खिशात. बायकोला काही कळवायचं नाही. ती म्हणेल, आई, ह्या वयात! ह्या वयातच, दुसरं कुठलं उरलंय?

द्या ती उशी. भिजवलीत ना... चालेल. किल्ली माझ्याकडेच आहे. आता तुम्ही आत जा. हात धुवा, आणि पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची आहे तिच्यावर बसा. बाजूला नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर बसा. बोलायचं काही नाही. त्यांनी बोट केलं तरी मान हलवायची नाही. नुसतं दिसायचं. इकडे इंजिन सुरू होईल आणि तिकडे तुम्ही त्यांच्यासमोर बसलेले असाल. पुढचं त्यांचं त्यांना कळू दे.

नाही, तुम्ही नाही सांगायचं. तुम्ही काय सांगणार? जा. आणि खिडकी सताड उघडा.