म्हशाचं गोंदण

जना : हात इकडं दे.

रंजिता : नाय देणार. आई, तो बिब्बा आधी खाली ठेव.

जना : तुझ्या सराचा फोन आला तवा मी दारातच व्हते. सगळा ऐकला. गोंदण दिसला तर जपान विसर, असा बोलला का नाय तो?

रंजिता : बोलला.

जना : मंग? दुपारी ती जपानची मालकीणबाई तुला फोनवर बघणार. त्याच्या आत हे जायला पायजे. सुईच्या टोकानं बिब्ब्याचं तेल घ्यायचा नि रेघेवर टिपायचा. जळजळेल थोडा.

रंजिता : थोडा? तुझा हात बघ. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी नुसती आवळलीय. उन्हात गेलीस की अजून खाजवत बसतेस.

जना : तवा मला टिपायचा कसा ते माहीत नव्हता. अख्खा हातच माखला मी. आता माहीत हाय.

भिमी : कोण कोणाचा हात जाळते गो? अंगणातनं ऐकू येतंय. जने, पोरीच्या प्रवासाची तयारी चाललीय का मयताची?

जना : या भिमीबाय. तुमचीच वाट बघत व्हते. बघा, आतेच्या लाडानं भाचीचा काय झाला ते.

भिमी : मी काय केला?

जना : म्हसा गावच्या जत्रेला नेलात ना हिला? डाव्या हातावर तुळस गोंदवून आणलात ना?

भिमी : आणली! चोरून नेली का? बुधूला, तुझ्या नवऱ्याला सांगून नेली. माझ्या भावाची पोर समुद्राच्या पल्याड चालली. आपल्यातली बाई बिनगोंदणाची लांब जात नाय. तिथं काय बरावाईट झाला तर मेलेली माणसं हिला ओळखणार कशावरनं? पासपोर्ट बघून?

रंजिता : आते, तू बस आधी. पाणी पी.

भिमी : पाणी नको. काय झाला ते सांग.

रंजिता : जपानात अंगावर गोंदलेला माणूस म्हणजे गुंड समजतात.

भिमी : काय समजतात?

रंजिता : गुंड. मारामाऱ्या करणारे, खंडणी घेणारे, त्यांच्या टोळ्या अंगभर चित्रं काढायच्या. म्हणून लोक घाबरतात. काही ठिकाणी तर आंघोळीच्या हौदात उतरू देत नाहीत.

भिमी : मंग मी कोण? माझ्या कपाळावर हाय, हनुवटीवर हाय, दोन्ही हातांवर हाय, पोटऱ्यांवर हाय. मी तर टोळीची मुकादमच झाले की! ऐकलास का जने, जरा जपून बोलत जा माझ्याशी.

जना : तुमाला हसू येतंय. हिकडं दुपार व्हायला आली.

भिमी : हसू नको तर काय करू? नि ह्या सराला कळला कसा?

रंजिता : काल कल्याणला क्लासला गेले होते. उकडत होतं, बाही वर केली. विपुल सरांनी बघितलं नि ओरडायलाच लागले. 'व्हिसा लागल्यावर हे धंदे कोण करतं? तुम्ही लोक कधी सुधारणार?' सगळ्या पोरींच्या पुढ्यात.

भिमी : तुम्ही लोक म्हणजे?

रंजिता : आपण. ठाकरं. पाड्यावरची. त्याच्या स्वतःच्या मानेवर बायकोचं नाव हाय इंग्रजीत, एवढं मोठं. पण तो टॅटू. आपलं ते गोंदण, रानटी.

भिमी : मागल्या साली ते फोटोवाले नव्हते का आले? मला उन्हात बसवून सारखे खटाखट फोटो. 'आजी, हात असा धरा, आजी, हसू नका.' माझा हात म्हणे शहरात मोठ्या भिंतीवर टांगला. लोक तिकीट काढून बघायला आले. भिंतीवर चालतो नि कामाला चालत नाय?

जना : भिमीबाय, भांडण नंतर करा. पोरगी जायला पायजे. हिनं आधी नर्सिंगचा शिकला, मंग ती भाषा शिकली. भात लावताना नि कापताना पण तोंडानं तेच पुटपुटत व्हती. बैलांना पण जपानी कळायला लागली असेल. आता एका तुळशीपायी घरी बसेल?

रंजिता : कोण बसतंय घरी?

जना : मंग हात दे.

रंजिता : नाय.

जना : मंग त्या सरानं सांगितला तसा कर. लांब बाहीचा स्वेटर घाल. ती बाई विचारेल, अंगावर काय चित्र हाय का. नाय बोल. संपला.

रंजिता : आणि तिकडं गेल्यावर? माझं काम काय आहे ठाऊक आहे ना? म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची. गरम पाण्याच्या टबात बसवायचं. कोपरापर्यंत हात पाण्यात. पहिल्याच दिवशी दिसणार.

भिमी : आंघोळ घालायला जपानला? तुझ्या आजीला मी जन्मभर घातली, मला कोण विमानात घालून नेला नाय.

रंजिता : दिसलं की परत पाठवतील. आणि मी एकटी नाय परत यायची. खोटारडी म्हणून येईन. मागनं पाड्यातली आपली शकू त्याच क्लासला शिकतेय, किन्हवलीच्या दोन पोरी शिकतायत. त्यांना बोलतील, त्या भागातल्या पोरी नको, थापा मारतात.

जना : शकूचा शकूची आई बघेल. मी माझ्या पोरीचा बघते.

रंजिता : आई, तुझा हात तू का जाळलास?

जना : तुला माहीत हाय.

रंजिता : तरी सांग. आज तुझ्या तोंडून ऐकायचंय.

जना : आश्रमशाळेत पोरी चिडवायच्या. हिरवी पाल, हिरवी पाल. बाईंना सांगितला, तर बाई बोलल्या, वीट घेऊन घास, जाईल. घासला. नाय गेला. मंग बिब्बा लावला.

रंजिता : मग?

जना : मंग हात पिकला. ताप आला. बाबानं उचलून घरी आणली.

रंजिता : आणि दहावीची परीक्षा?

जना : गेली.

रंजिता : तुला काय व्हायचं होतं?

जना : कशाला उकरून काढतेस गो?

भिमी : नर्सबाय. माझ्या भावाशी लगीन झाला तवा पण बोलायची. पाड्यात कोणाला काय लागला की ही पयली धावायची, फडका बांधायला.

रंजिता : जाळून ते गोंदण तरी गेलं का?

जना : गेला, कातडीसकट गेला. डोळ्यांनी दिसतंय ना तुला!

रंजिता : गोंदण गेलं, शाळा गेली, नर्सबाय पण गेली. आणि ती वीट घे म्हणणारी बाई आपल्या जागी शाबूत. आता तेच मी माझ्या हाताला करू? कुणासाठी, त्या विपुल सरासाठी?

भिमी : बोल. आता बोल जने.

जना : तुमी गप बसा. तुमच्यामुळंच झाला सगळा.

भिमी : झाला. माझ्यामुळं झाला. मी कुठं नाय बोलते? मला काय माहीत तिकडं माणसाला कातडीवरनं तपासतात. मी आपली राखण केली. पण जाळायचा असला तर माझ्यादेखत नाय. मी उठून जाते.

रंजिता : कुणी जाळत नाय. फोनची वेळ झाली. रेंज ओट्यावरच येते, मी तिथं बसते. तुम्ही दोघी दारात थांबा. मध्ये बोलायचं नाय.

जना : स्वेटर?

रंजिता : नको. ती आखूड बाहीची कुडती दे, निळी.

जना : रंजे...

रंजिता : आई, कुडती.

(जनानं कुडती आणून दिली. बिब्बा तिनं चुलीच्या कडेला ठेवला, पण हात लांबवला की सापडेल असा. अजून तिची खातरी पटली नव्हती. दारात उभी राहून ती पोरीच्या उघड्या हाताकडे बघत होती आणि स्वतःचा हात तिनं नकळत पदराखाली घेतला होता.)

भिमी : आली का ती बाई?

जना : आली वाटतं. बारीक केसांची हाय. चष्मा हाय. ही वाकून नमस्कार करते बघा.

भिमी : फोनाला वाकून नमस्कार?

जना : तिकडं करतात तसा. हळू बोला.

भिमी : नाव काय तिचा?

जना : मोरीबाय.

भिमी : मोरी? आंघोळीचं काम नि बाईचं नाव मोरी?

जना : त्यांच्यात मोरी म्हणजे रान. रंजी सांगत व्हती.

भिमी : रान? मंग बरी असेल.

जना : बरी का? आता बोलते काहीतरी. रंजी मान हलवते... हो हो करते... आता थांबली.

भिमी : काय झाला?

जना : हात वर केला हिनं. अगदी फोनापुढं धरला. अग बाय...

भिमी : ती काय करते? मोरी?

जना : काय नाय. नुसती बघते.

भिमी : तोंड कसा हाय?

जना : तोंडावरनं कळत नाय ह्यांच्या. चष्मा काढला. पुसला. परत घातला. अजून बघतेच हाय.

भिमी : बघू दे. जत्रेतल्या त्या गोंदणारीचा हात साफ हाय. एक रेघ वाकडी नाय.

जना : रंजी बोलते... लय बोलते. भिमीबाय, तुमच्याकडं बोट केला हिनं!

भिमी : माझ्याकडं? माझा काय संबंध? पदर नीट हाय ना माझा?

जना : आता तुमाला बोलावते. जा. जा ना!

भिमी : मला जपानी येत नाय!

रंजिता : आते, ये. नुसती इथं उभी राहा. हात दाखव. दोन्ही.

भिमी : असा? नमस्कार, मोरीबाय. मी हिची आते. मी गुंड नाय.

रंजिता : बस, आते. झालं. मी सांगते त्यांना.

जना : या मागं. काय बोलली ती?

भिमी : मला काय कळला? पण वाकली माझ्यासमोर. म्हणून मी पण वाकले. कंबर धरली.

जना : फोन ठेवला. रंजे! काय झाला? बोल लवकर, जीव टांगू नको माझा.

रंजिता : पहिलं विचारलं, ठरल्यासारखं, अंगावर काही चित्र आहे का. मी बोलले, आहे. आणि दाखवलं.

जना : मंग?

रंजिता : मग विचारलं, हे कशाचं. सांगितलं, आमच्यात बाई लांब निघाली की मोठी बाई तिला गोंदवते, हरवू नये म्हणून. व्हिसा मिळाला म्हणून माझ्या आतेनं गोंदवलं. त्यांना खरं वाटेना, म्हणून आतेला बोलावलं.

भिमी : मंग पटला?

रंजिता : पटलं. पण बोलल्या, आमची म्हातारी माणसं घाबरतील. हातावर कापडाची बाही चढवून काम करावं लागेल. पाण्यातली वेगळी मिळते, रबराची. मी बोलले, चढवीन.

जना : म्हणजे न्यायला तयार हाय?

रंजिता : थांब ना. मग बोलल्या, कुणाच्या घरच्यांनी तक्रार केली तर तुला स्वयंपाकघरात घालीन. तिथं बोलले मी, स्वयंपाकघरात नाय जाणार. मी माणसं सांभाळायला शिकलेय. तक्रार आली तर त्या घरच्यांशी मला बोलू द्या, जसं आता तुमच्याशी बोलले.

जना : अशी बोललीस? मालकिणीला?

रंजिता : अगदी नम्रपणे. त्यांच्या भाषेत नम्र बोलायला शब्द लय आहेत, सगळे वापरले.

भिमी : मंग ती काय बोलली?

रंजिता : मग विचारलं, दुखलं का. मी बोलले, दुखलं. मग बोलल्या, तिकीट ठरलंय त्याच दिवसाचं राहू दे, थंडीचे कपडे आण.

जना : ये बोलली?

रंजिता : ये बोलली, आई.

भिमी : बघ! तरी मी बोलत व्हते, रान नावाची बाई वाईट नसणार.

रंजिता : विपुल सरांना आता मीच फोन करते. सांगते, गोंदण दाखवलं. आणि शकूच्या पुढ्यात 'तुम्ही लोक' परत बोललात तर माझ्याशी गाठ हाय.

जना : कर. पण आधी ती बॅग उघड. थंडीचे कपडे बोलली ना? तुझ्या बाबानं म्हशाची घोंगडी आणून ठेवलीय. ती तळाला जाईल.

रंजिता : आई, घोंगडीनंच बॅग भरेल. नागलीचं पीठ कुठं टाकू?

जना : पीठ माझ्या हातानं बसवते मी. तू हो फोनाला. ओट्यावर जा.

भिमी : जने, तो बिब्बा टाकलास का चुलीत? वास येतोय.

जना : येऊ दे. भिमीबाय...

भिमी : काय गो?

जना : ती म्हशाची गोंदणारी, पुढच्या जत्रेला बसेल का?

भिमी : बसेल की. दरसाल बसते, घोंगडीवाल्यांच्या मागं.

जना : जळलेल्या कातडीवर गोंदतात का?

भिमी : जळलेल्यावर रंग नाय धरत... बघू, पदर बाजूला कर. हं. हितं शेजारी जागा हाय की.