वाटेत संपलेला निरोप

सोलापूर स्टँडवर नातेपुत्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची नात होती. मी बिनधास्त कान दिला.

“पूनम, कालिजात काय शिकतीस?”

“नेटवर्क, आबा. नेटवरचा निरोप एक राउटर दुसऱ्याकडं ढकलतो. ढकलताना निरोपाचं आयुष्य एकानं कमी करतो. शून्य झालं की टाकून देतो.”

“आन् धाडणाऱ्याला?”

“त्याला उलटं कळवतो, निरोप वाटेतच संपला म्हणून.”

“शहाणं हाय की. माझी आई गेली तवा माझा भाऊ बिरुदेव मेंढरं घेऊन लांब हुता. मेंढक्यांच्या तोंडी निरोप धाडला. मातीला आला न्हाई, म्हणून मी भावाशी बोलणंच टाकलं. निरोप पोचलाच नव्हता, हे आज त्याच्या पोरानं सांगितलं.”

“तवाच विचारायचं की, आबा.”

“त्यानंच यावं म्हणून थांबलो. आता त्याच्या मातीला मीच निघालोय.”