सारसाच्या पंखातला इळा

गोंदियाच्या स्टँडवर आमगावच्या गाडीची वाट पाहून राहिलो होतो. मागच्या बाकड्यावर एक म्हातारा अन् त्याच्या गावची एक बाई बसली होती.

"दुलीचंदभाऊ, आजबी बगिच्यात गेलते का जी?"

"गेलतो. थो लोखंडाचा सारस पाहाले."

"दर सोमवारी काय पाहता त्याच्यात? घरापेक्षा उंच पाखरू, एकडाव पाहून झालं ना!"

"गावोगावचे धान कापाचे जुने इळे मागून नेले, नंदाबाई, अन् त्याचेच पंख केले. बुढी गेल्यावर तिचा इळा म्याबी देल्ला. म्हटलं, घरी गंजण्यापेक्षा चार लोकं पाहातीन."

"मंग दिसला का?"

"नाई ना दिसत."

"काऊन? आमी बाया तं मुठीले चिंधी बांधतो, इळे बदलू नये म्हणून. वहिनीची हिरवी होती. माह्या बाजूलेच कापे थे."

"हिरवीच होती. म्याच सोडली."

"कायले जी?"

"एवढ्या मोठ्या बगिच्यात मळकी चिंधी कशी द्याची? इळा राखेनं घासला, चकाचक केला, मंग देल्ला."

"अन् चिंधी?"

"चुलीत टाकली."

"काय माणूस हाय हा!"

"आता सारे इळे एकसारखेच दिसते."

"मंग जाता कायले?"

"डाव्या पंखाचे एकेक करून पाहून झाले. उजवा बाकी हाये."

"अन् थोबी झाला तं?"

"मंग डावा फिरून पाहीन."