चिमणीचा टीव्ही आणि माझी मांडी

…आणि तेवढ्यात दार लावलं हो तिनं! वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईनं, परवा. जिना झाडणाऱ्या मावशींना सांगत होती, "टीव्हीसमोरून उठतच नाही म्हणे. हाका मारल्या तरी ओ नाही. काल तर बदकाचं पिल्लू हरवलं म्हणून रडत होती, मी माझ्या डोळ्यांनी…" आणि धाडकन दार बंद. आता अर्धं बोलून दार लावायचं, ही काय माणुसकी झाली? मी आपली जिन्यात कचऱ्याची बादली घेऊन उभी. मुद्दाम नाही हं थांबले, बादली जड होती. रिकामी होती, पण जड होती.

आणि बोलणं कोणाबद्दल असणार? समोरच्या घरातली चिमणी, दुसरं कोण! पोर चार वर्षांची, आई नर्स, तिला दुपारची पाळी. ती कामावर गेली की चिमणी माझ्याकडे. म्हणजे टीव्ही माझा, लावणारी मी, आणि हे आईच्या कानावर गेलं की पोरीची रवानगी पाळणाघरात. आमची मुलं कधीच आपापल्या संसाराला लागली, आमचे हे घरात असले तरी वर्तमानपत्राच्या आड असतात. चिमणी गेली तर दुपार नुसती खायला उठेल मला.

तुम्हाला सांगते, तिच्या आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकू, काहीही लावू नका. आधी तुम्ही बघा, चांगलं वाटलं तर मग तिला दाखवा." सांगायला काय जातं हो? बसायचं मी. बरं, बसले की उठायचं कसं?

पहिल्यांदा निवडला ससा. पहिला भाग बघितला, गुणी वाटला, लावला. दुसऱ्या भागात मेला आईला उलटं बोलायला लागला! चिमणीनं ते एकदाच ऐकलं आणि आमच्या ह्यांना म्हणाली, "ए म्हाताऱ्या, सरक." हे सरकले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून सरकले, पण ससा बाद. आणि सगळे भाग आधी बघायचे, हे माझ्या कपाळी आलं ते आलंच.

मग जंगलातल्या जनावरांचा कार्यक्रम. हरीण पाणी पितंय, एक बाई गोड आवाजात माहिती सांगतायत, मी निर्धास्त… आणि मागून वाघ! चिमणी विचारते, "आज्जी, हरीण कुठे गेलं?" मी म्हटलं, मावशीकडे. झालं! संध्याकाळी आई म्हणाली, रविवारी मावशीकडे जाऊ, तर पोर खाटेखाली जाऊन बसली. मग आकडे शिकवणारा एक आणला, तर तो इतका सावकाश की मलाच डुलकी लागली. चिमणी हलवून उठवते, "आज्जी, ऊठ, पाच आले."

शेवटी सापडलं बदक. कोणी उलटं बोलत नाही, कोणी कोणाला खात नाही. पिल्लू रोज तळ्यावर हरवतं, रोज आईला सापडतं. चिमणी खूश. पण बघता बघता ती माझ्या मांडीवर झोपते, आणि रिमोट तिच्या पोटाखाली. ओढला तर पोर जागी होणार, जागी झाली की संध्याकाळपर्यंत भोकाड. इकडे एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. माझ्या पायाला मुंग्या, गॅसवर दूध, आणि दारात उभी राहून ती शिलाईवाली हाका मारतेय, "आहात का घरात?" सोफ्याची पाठ दाराकडे, तिला दिसणार नुसतं माझं डोकं. ओ देऊ कशी? आणि तुम्हीच सांगा, उठायचं कसं?

तर काल चिमणीची आई कामावरून थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, जरा टीव्हीचं बोलायचं होतं. वरच्या बाई भेटल्या होत्या."

मी सुरूच झाले, अगं, पोर शहाणी आहे, थोडं बघते आणि झोपते, हवं तर टीव्हीवर चादर घालते, पण तिला पाळणाघरात टाकू नकोस. तिनं माझा हात धरला, नर्स नाडी बघताना धरते ना, तसा.

"काकू, चिमणीबद्दल नाही. तुमच्याबद्दल."

माझ्याबद्दल! मांडीवरची पोर, पोटाखालचा रिमोट, सगळं सांगितलं मी तिला. हसली, पाळणाघराचं नावही काढलं नाही. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर चिमणी म्हणते, "पण आज्जी, मी झोपले की रिमोट तूच ठेवतेस ना माझ्याखाली?"

ठेवते हो, मीच ठेवते. उठत नाही, हे खरं. ओ देत नाही, तेही खरं. पण पिल्लू हरवलं म्हणून रडले, हे साफ खोटं. ते तर रोजच हरवतं. सापडलं म्हणून रडले.

तर आता नवा नियम झालाय. रिमोट चिमणीकडे. आधी ती बघते, चांगलं वाटलं तर मग मला दाखवते.